चेहरा पाहून केलेली सही

हिराजी म्हात्रे प्रथम माझ्या दाराशी आले, तेव्हा माझ्याकडे पाहण्याआधी त्यांनी दाराच्या कडीकडे पाहिले. दोन बोटांनी ती उचलली, सोडली, तिचा आवाज ऐकला आणि मग म्हणाले, "गुरुजी, ही कडी नाय. हा दागिना हाय."

पेणला आमच्या आळीच्या टोकाची एक खोली त्यांनी नुकतीच भाड्याने घेतली होती. मुंबईच्या पोलीस खात्यात सगळे आयुष्य काढून हवालदार म्हणून ते निवृत्त झाले होते. नव्वद साल उलटल्यानंतरचा तो काळ. मीही शाळेतील संस्कृतच्या अध्यापनातून मोकळा झालो होतो आणि पत्नीच्या पश्चात घरात देवघर, पोथ्या व मी एवढेच उरलो होतो.

"मग नवी कडी बसवून घेऊ का?" मी विचारले.

"बसवा नायतर नका बसवू. चोर कडी बगत नाय, चोर शेजार बगतो. मी आलोय ना आता शेजारी."

एवढे बोलून ते गेले. नमस्कार राहिला हे बहुधा त्यांच्या वाटेत ध्यानात आले असावे, कारण दहा पावलांवरून ते परत आले, हात जोडले आणि पुन्हा गेले.

उंच, सडपातळ देह. पांढरे केस अगदी बारीक कापलेले. अंगात धुवट सदरा आणि लेंगा, पण पायांत मात्र खात्यातले तांबडे बूट, नाडी घट्ट बांधलेली. घड्याळ ते मनगटाच्या आतल्या बाजूस बांधत, म्हणजे काठी धरलेली असतानाही वेळ दिसावी. काठी सुटून वर्षे झाली तरी घड्याळ फिरले नाही. कोणाच्याही घरी ते दाराजवळच बसत, भिंतीला पाठ लावून. चालणे संथ आणि समान; आळीतून ते जाऊ लागले की पावलांवरून ओळखू येई.

त्यांचे मूळ गाव कासूच्या स्टेशनावरून खाडीच्या अंगाला आत. वडील मिठागरात कामाला, आणि थोडी भातशेती. त्या बाजूची शेती समुद्राच्या पातळीला लागून असते. खारे पाणी बाहेर आणि भात आत, मध्ये मातीचा बांध. हिराजींचे वडील रोज सकाळी त्या बांधावरून चालत जात. काम कोणी नेमून दिलेले नव्हते. बांधात खेकड्याने बीळ केले आहे का, एवढेच ते पाहत.

"बोटायेवढं भोक असतं, गुरुजी," हिराजी सांगत. "आज बुजवलं तर मूठभर माती लागते. चार दिवस नाय बगितलं, तर उधाणाला बांध फुटून खांड पडते नि आख्खा गाव टोपल्या घेऊन धावतो. माझा बाप म्हणायचा, बांध राखायला ताकद नाय लागत, रोज चालायला लागतं. पोलिसाची नोकरी मला कोणी शिकवली नाय. ती मी बांधावरच शिकलो."

त्या गावात आता त्यांचे स्थान उरले नव्हते. घर भावांत वाटले गेले, शेतात एका वर्षी खारे पाणी शिरले ते पुन्हा निघाले नाही. मुंबईत त्यांचे आयुष्य पोलिसांच्या चाळीतील दोन खोल्यांत गेले. त्या खोल्यांत मुलगा वाढला, त्यांतच पत्नीने डोळे मिटले, आणि निवृत्तीनंतर ठरलेल्या मुदतीत त्या रिकाम्या करून किल्ली द्यावी लागली. मुलगा सुधीर एका कंपनीत शिफ्टवर जाई आणि तेव्हा बायकोसह एका खोलीत राहत असे. तेथे तिसऱ्याला जागा नव्हती.

"लोकांच्या दारांची राखण केली मी," ते एकदा म्हणाले. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. पंचनाम्यात नोंद करावी तसे ते बोलत. "कुनाचं दार कसं हाय, कुठं कच्चं हाय, सगळं तोंडपाठ. माझं स्वतःचं दार काय ते नाय झालं. आता गावात मी मुंबईवाला, मुंबईत मी गाववाला. पेण मधे पडतं. म्हणून पेण."

आळीत आल्याला महिना होतो न होतो, तोच ते एके सकाळी काखेत वह्या घेऊन आले. शाळकरी मुलांच्या, पातळ पुठ्ठ्याच्या. प्रत्येकीच्या कोपऱ्याला भोक पाडून सुतळी ओवलेली. त्यांना सोडून आळीत एकट्याने राहणारी आम्ही पाच माणसे होतो, पाचही वृद्ध. प्रत्येकाच्या दाराआड एक वही टांगण्याची त्यांना परवानगी हवी होती.

मुंबईत सराफाच्या दुकानाशी, बँकेच्या दाराशी, मोठ्या इमारतींच्या फाटकाशी अशी वही असते, हे मला त्यांच्याकडूनच कळले. गस्तीचा शिपाई येतो, वेळ घालून सही करतो, पुढे जातो. साहेब कधीतरी येऊन त्या सह्या तपासतो. तीच पद्धत त्यांना आमच्या आळीत आणायची होती.

गोदाक्का आमच्या शेजारच्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, पापड लाटून राहणाऱ्या आणि जिभेने लाटण्याहून जड. त्यांनी वहीकडे पाहिले आणि विचारले, "काय रे हवालदारा, मी काय सराफाचं दुकान आहे? इथे चोर येऊन काय नेणार, उडदाचं पीठ?"

"सराफाकडं दिवसातून शंभर मानसं बगतात, आक्का," हिराजी म्हणाले. "तुमाला कोन बगतं?"

गोदाक्कांनी हातातले लाटणे खाली ठेवले. मग त्या म्हणाल्या, "लाव तिकडे खुंटीला. पापडांच्या दांडीला लावशील तर बघ."

त्या दिवसापासून हा नेम सुरू झाला. माझ्याकडे त्यांची वेळ आठ वाजून दहा मिनिटांची. माझी पूजा आटोपलेली असे, नैवेद्याची वाटी देवापुढे असे. बाहेर पावले थांबत. मी आतून म्हणे, "या हवालदार, मी ठीक आहे."

"आवाज नको, गुरुजी. तोंड दाखवा."

हा त्यांचा नियम. चेहरा पाहिल्यावाचून सही नाही. मग मी पुढे जाई; ते माझ्याकडे नीट, अगदी सावकाश पाहत. आपल्याकडे इतक्या लक्षपूर्वक पाहणारे माणूस आयुष्यात फार थोडे भेटते, हे मला त्या वयात समजले. डोळे सुजले असतील तर "झोप नाय झाली" म्हणत. मग खिशातील पेन काढून वहीत वेळ लिहीत, त्यापुढे एकच शब्द लिहीत, "पाहिले", आणि खाली सही.

शेजारून गोदाक्कांचा आवाज येई. "बघ, नीट बघ. हे नाक, हे डोळे. दात मोजायचे असतील तर उद्या ये, आज वाटीत काढून ठेवलेत."

"वाटी दाखवा. पंचनाम्याला लागंल."

"मेल्या, चहा घे आणि जा."

त्यांच्या स्वतःच्या खोलीत वही नव्हती. मी एकदा तसे म्हटले. ते हसले. "माझी सही तुमच्या वहीत रोज होते की. मी आलो म्हंजे मी हाय. नाय आलो, तर तुमी या."

शहरातील गुन्ह्यांविषयी लोक त्यांना मोठ्या उत्सुकतेने विचारीत. पेणजवळच्या गडब गावाच्या नाक्यावर चहाच्या दुकानात एकदा दोघे-तिघे तरुण त्यांच्याभोवती जमले होते. मीही बसची वाट पाहत बाकावर बसलो होतो. टोळ्या, पिस्तुले, कोण कोणाच्या हातून मेला, असे त्यांना ऐकायचे होते. हिराजींनी त्यांना एका घरफोड्याची हकिकत सांगितली.

"त्याला मी दोनदा धरला. दुसऱ्या वेळी विचारलं, बाबा, घर कसं निवडतोस? तो म्हणाला, हवालदारसाब, मी कुलूप नाय बगत. मी जिन्यात एखाद्याला विचारतो, समोरच्या घरात कोन राहतं? त्यानं नाव सांगितलं, कामाला कुठं जातो ते सांगितलं, पोरं किती ते सांगितलं, की मी खाली उतरतो. तो म्हणाला, 'पता नहीं', की मी समजतो, हे घर माझं."

"मग झोपडपट्टीत चोऱ्या नसतील," एक तरुण हसून म्हणाला.

"हायेत. भांडनं हायेत, मारामाऱ्या हायेत, दारू हाय. पन तिथं मानूस मेला तर दहा मिनटात कळतं. चाळीत अर्ध्या तासात. आनि मोठ्या बिल्डिंगीत..." तेथे ते थांबले. चहाचा पेला खाली ठेवला आणि पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

ते वाक्य मला पुढे कधीतरी ऐकायला मिळाले. निमित्त मीच दिले होते. सरकारी कागदांत मी "सर्व ठीक" असा शेरा पाहिला होता. तोच तुम्ही का लिहीत नाही, "पाहिले" एवढेच का, असे मी एका दुपारी त्यांना विचारले. उन्हे पडवीत आली होती. ते नेहमीप्रमाणे दाराशी बसले होते. बराच वेळ त्यांनी घड्याळाचा पट्टा सैल केला, घट्ट केला.

"मी पण तेच लिवायचो," ते म्हणाले. "एक बिल्डिंग होती माझ्या गस्तीत. सात मजले. फाटकाला वही. मी रोज जायचो, वर एकदा बगायचो, दिवे लागलेले दिसायचे. लिवायचो, सर्व ठीक. सही. एक दिवस वॉचमन धावत आला, म्हणाला, पाचव्या मजल्यावर वास येतोय. दार तोडलं. म्हातारी बाई होती, एकटी. दारात दुधाच्या पिशव्या पडलेल्या. शेजारी म्हणाले, आमाला वाटलं गावाला गेली. मी पंचनामा लिवला. डॉक्टर म्हणाला, चार दिवस झाले असतील."

ते थांबले. पट्टा पुन्हा घट्ट केला.

"मी खाली आलो, गुरुजी, नि वही उघडली. चार दिवस. चार सह्या. सर्व ठीक, सर्व ठीक, सर्व ठीक, सर्व ठीक. अक्षर माझंच. कोनी मला एक शब्द बोललं नाय. साहेब म्हणाला, तुझं काम फाटकापरयंत. ते पन खरंच. पन माझा बाप बांधावर जाऊन लांबून बांध बगत नव्हता."

त्यानंतर नोकरीत असेपर्यंत ते "पाहिले" एवढेच लिहीत, आणि पाहिलेलेच लिहीत. आमच्या आळीतील पाच वह्या त्या चार सह्यांतून जन्मल्या होत्या. प्रायश्चित्त हा शब्द मी शाळेत अनेकदा शिकवला. तो आचरणात इतक्या नेमाने उतरलेला मी अन्यत्र पाहिला नाही. त्यांच्यापाशी मात्र मी तो शब्द कधी उच्चारला नाही.

वर्षातून एकदा आम्ही दोघे रोह्याला जात असू. तेथील ग्रामदैवताची पालखी नवरात्रानंतर निघते आणि निघताना पोलीस देवाला बंदुकीसह मानवंदना देतात. ही प्रथा जुनी आहे. मी देवासाठी जाई, ते मानवंदनेसाठी. पहिल्या वर्षी गाडीत मी त्यांना थट्टेने म्हणालो, "देवालाही बंदोबस्त लागतो म्हणायचे."

"बंदोबस्त नाय तो. हजेरी हाय," ते म्हणाले. "देव वर्षातून एकदा बाहेर येऊन गाव बगतो. त्याची गस्त हाय ती. आमी फक्त सांगतो, साहेब, आमी हावोत."

पालखी उचलली गेली, हुकूम सुटला, बंदुका उभ्या राहिल्या. गर्दीत माझ्या शेजारी हिराजींचे बूट एकमेकांना टेकल्याचा आवाज मला ऐकू आला. पाठ ताठ, हनुवटी वर, दोन्ही हात शरीराला चिकटलेले. वाद्यांच्या कल्लोळात तेवढे एक माणूस निश्चल होते. हात मात्र कपाळाशी गेला नाही. परतताना मी कारण विचारले.

"टोपी नव्हती ना. डोक्यावर टोपी नसली तर सॅल्यूट नाय करायचा. फक्त सावधान."

"देव काही रागावला नसता."

"देव नाय रागावणार. पन नियम रागावतो." आणि मग खिडकीबाहेर पाहत, "टोपी जमा केली मी, गुरुजी. सगळ्यात शेवटी टोपीच दिली."

अशी चार-पाच वर्षे गेली. पाचांपैकी एका घरातील वही एके सकाळी हिराजींनीच उतरवली. त्या गृहस्थांचे निधन पहाटे झाले होते आणि आठच्या आत आळीला कळले होते. हिराजींनी त्या दिवशी सर्वांच्या आधी जाऊन त्यांच्या डोळ्यांवर हात ठेवला. संध्याकाळी ते मला म्हणाले, "चार दिवस नाय लागले." त्यांच्या दृष्टीने त्या माणसाचे मरण चांगले झाले होते.

मग सुधीरने घर घेतले. मुंबईच्या उपनगरात नव्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. पत्र आले की बाबांनी आता आमच्याकडे यावे, एक खोली त्यांच्यासाठी आहे. या पत्राची हिराजींनी किती वाट पाहिली होती हे मला ठाऊक होते. टपाल येण्याच्या वेळी ते आळीच्या तोंडाशी उभे राहत, हे सर्वांना ठाऊक होते. पण पत्र आल्यावर त्यांनी तीन दिवस सही केली आणि चहा न घेता गेले.

चौथ्या सकाळी मी पोथीवाचनाला बसलो होतो. वाचनाचा माझा एक नेम वडिलांपासून आलेला आहे. अध्याय सुरू झाला की तो पुरा होईपर्यंत पोथीवरून दृष्टी उचलायची नाही. कोणी आले तर ओळीवर बोट ठेवून, मान खाली ठेवूनच उत्तर द्यायचे. आठ वाजून दहा मिनिटांनी पावले दाराशी थांबली.

"गुरुजी, तुमाला एक विचारायचं हाय."

"विचारा," मी म्हणालो. बोट ओळीवर होते.

"सुधीर बोलावतोय. जाऊ का नको? सातवा मजला. दार बंद. तो कामाला, सून कामाला. मी त्या दाराआड गेलो, तर मला कोन बगल?"

हा प्रश्न ते मलाच विचारीत होते. आळीत दुसरे कोणी त्या योग्यतेचे आहे असे त्यांना वाटत नव्हते, आणि माझे उत्तर ते मोडणार नाहीत हे मला ठाऊक असायला हवे होते. मी मान वर केली नाही. वार्धक्यात पित्याने पुत्राच्या घरी राहावे, पुत्र आदराने बोलावीत असता नाही म्हणू नये, त्यात त्याच्या धर्माचीही हानी आहे, असे मी सांगितले. वाक्ये चांगली बांधलेली होती. मी ती अनेकांना सांगितलेली होती.

"व्हय," ते म्हणाले. "तुमी म्हणता तर बरोबर असंल."

वहीचा कागद वाजला. पावले गेली. माझा अध्याय पुरा झाला तेव्हा ऊन उंबऱ्यावर आले होते.

आठवड्याने ते गेले. सामान एक ट्रंक आणि वळकटी. गोदाक्कांनी पापडांचा डबा दिला आणि म्हणाल्या, "तिकडे सातव्या मजल्यावरून वाळत घालू नकोस, खालचे खातील." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, पण त्या पदराने पीठ पुसत राहिल्या. हिराजींनी सर्व वह्यांत शेवटची सही केली. ते गेल्यावर मी माझी वही चाळली, तेव्हा मला त्या सकाळची नोंद दिसली. तारीख होती, आठ दहा होते, सही होती. "पाहिले" हा शब्द नव्हता. त्या सकाळी मी त्यांना चेहरा दाखवला नव्हता. मीही त्यांचा पाहिला नव्हता. पाहिला असता तर त्यांना कोणते उत्तर हवे आहे ते मला कळले असते.

त्यांची पोस्टकार्डे येऊ लागली. अक्षर नोंदवहीतलेच. "सातवा मजला. चार दारे. एक आपले. दोन चेहरे पाहिले. एक बाकी." पुढच्यात, "बाकी दार उघडले. बाई आहे, एकटी. म्हणाली कोणत्या कंपनीचे? मी म्हणालो कोणत्याही नाही. दार लावले. पण पाहिले." पुढच्यात, "सहाव्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ आहेत. रोज आठ दहाला बेल वाजवतो. ते खूश असतात." मी ती कार्डे गोदाक्कांना वाचून दाखवी. त्या म्हणत, "सगळी बिल्डिंग गोळा करील बघा हा."

मग एक कार्ड आले ते असे. "सोसायटीने तक्रार केली. अनोळखी इसम रोज सकाळी बेल वाजवतो. पोलीस आला. कोवळा पोरगा. मी सांगितले, मी पण खात्यातला. तो उभा राहिला. चांगला पोरगा आहे. त्याची ड्यूटी बरोबर. सुधीरला मीटिंगमध्ये सर्वांसमोर माफी मागावी लागली. गस्त बंद."

त्यानंतर कार्ड आले नाही. तीन महिने मी वाट पाहिली आणि मग एका सकाळी एसटीने निघालो. पिशवीत प्रसाद होता आणि माझ्या दाराआडची ती वही होती. वही का घेतली हे मी तेव्हा स्वतःलाही नीट सांगू शकलो नसतो.

इमारतीच्या फाटकाशी रखवालदाराने नाव, गाव, कोणाकडे, कशासाठी हे सारे एका मोठ्या पुस्तकात लिहायला सांगितले. माझ्याकडे त्याने पाहिले नाही. मी लिहिले आहे का एवढेच पाहिले. सातव्या मजल्यावर चार दारे होती, सारख्या रंगाची. मी बेल वाजवली.

आतले लाकडी दार उघडले. त्याच्या पुढे लोखंडी जाळीचे दुसरे दार होते आणि त्याला बाहेरून कुलूप होते. जाळीच्या पलीकडे हिराजी उभे होते. सदरा स्वच्छ, दाढी केलेली, अंग निम्मे झालेले. पाय अनवाणी होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, तसेच, सावकाश. "प्रवासात काय खाल्लं नाय तुमी," ते म्हणाले.

"हिराजी, हे कुलूप?"

"सूनबाई दोनला येती, तेव्हा उघडंल. थांबाल?" आणि माझ्या मुद्रेवर काय उमटले कोण जाणे, ते घाईने म्हणाले, "तिचं काय चुकलं नाय. पोरं चांगली हायेत दोगं. कुलूप मीच लावायला सांगितलं. आठ दहा झाले की पाय आपोआप निघतात, गुरुजी. ऐकत नाय. सुधीरला परत माफी मागायला लागू नये."

बोलण्यासाठी मी बसमध्ये पुष्कळ वाक्ये योजली होती. त्यांतले एकही आठवले नाही. "त्या दिवशी मी मान वर केली नाही," एवढेच मी म्हणालो.

"अध्याय चालू होता तुमचा."

"अध्याय थांबला असता."

 मग त्यांची नजर माझ्या पिशवीकडे गेली. "वही आनली?"

मी वही काढली. जाळीच्या भोकांतून ती जाईना. तेव्हा गुंडाळी करून मी ती आत सरकवली. त्यांनी ती गुडघ्यावर धरून सरळ केली, मनगट उलटे करून वेळ पाहिली, लिहिले आणि परत दिली. अकरा वाजून वीस मिनिटे. पाहिले. सही.

"आता तुमी करा," ते म्हणाले. "माझी."

मी पेन काढले.  "काय लिहू?"

"जे बगितलं ते."

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. डोळ्यांखालची काळी छाया पाहिली, गालांचे खड्डे पाहिले, वरच्या ओठाजवळ राहून गेलेला दाढीचा एक पांढरा केस पाहिला. आयुष्यभर मी अक्षरे लक्षपूर्वक वाचली. चेहरा तसा वाचायला मी त्या जिन्यात उभा राहून शिकलो. मग वेळ लिहिली, "पाहिले" लिहिले आणि खाली माझे नाव घातले. वही जाळीशी धरली. त्यांनी ती वाचली.

"बरोबर हाय," ते म्हणाले.

परतीची शेवटची सोयीची एसटी दोनच्या आत होती. हे त्यांनाच ठाऊक होते आणि त्यांनीच मला ते सांगितले. प्रसाद मी जाळीतून दिला. समोरच्या एका दाराच्या भिंगात कोणीतरी हालल्याचे मला दिसले, पण दार उघडले नाही. लिफ्टची सवय नसल्याने मी जिन्याने निघालो. पहिल्या वळणावर थांबून वर पाहिले.

ते अजून जाळीमागे उभे होते. अनवाणी टाचा एकमेकींना टेकलेल्या, पाठ ताठ, हनुवटी वर, दोन्ही हात शरीराला चिकटलेले. हात कपाळाशी गेला नाही. डोक्यावर टोपी नव्हती.